आजोबांची पद्मिनी मुलाला अठराव्या वाढदिवसाला द्यावी का?

फोंड्याच्या एका वाचकांनी विचारलं आहे: वडिलांनी १९८३ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी सहा वर्षं शेडमध्ये उभी आहे. मुलगा बारावीत आहे, पुढच्या मे महिन्यात त्याला अठरा पूर्ण होतील. गाडी रंगवून, चकाचक करून वाढदिवसाला चावी हातात ठेवायची त्यांची इच्छा आहे. घरच्यांचं म्हणणं, तेवढ्याच पैशांत जुनी स्विफ्ट येईल, आणि हल्लीच्या पोरांना असल्या गाडीची किंमत कळणार नाही. तर त्याला कदर असेल का?

आधी सरळ उत्तर देतो. चकाचक करून दिलीत तर बहुधा नसेल. पूर्ण तयार करून दिलेली जुनी गाडी मुलाची होत नाही. ती बापाचीच राहते आणि मुलगा तिचा राखणदार होतो. रंगाला ओरखडा गेला तर घरात बोलणी खायची, मित्रांना बसवलं तर सीटची काळजी करायची, आणि गाडी रस्त्यात बंद पडली तर बोनेट उघडून नुसतं बघत उभं राहायचं, कारण आत काय आहे ते त्याला कोणी दाखवलेलंच नसतं. पहिल्या पावसापर्यंत चावी परत खुंटीला. यात पोराचा दोष कमी आणि देण्याच्या पद्धतीचा जास्त.

म्हणून कामाची वाटणी करा. ज्या गोष्टीने जीव जाऊ शकतो ती तुम्ही, जाणकार मेकॅनिककडून, पैसे मोजून, त्याच्या हातात चावी जाण्याआधी करून घ्या: पत्रा, ब्रेक, स्टिअरिंग, टायर, पेट्रोलची लाइन, वायरिंग. ज्या गोष्टी बिघडल्या तर गाडी फक्त बंद पडेल, त्या त्याच्यासाठी ठेवा: प्लग, पॉइंट (प्लगच्या ठिणगीसाठी करंट तोडणारा स्विच), कार्ब्युरेटर, ऑइल, ग्रीसिंग, आतली सीट-कार्पेटं. रंग सगळ्यात शेवटी, आणि तोही त्याच्या पसंतीचा. तुम्हाला मूळचा फिकट रंग हवा असेल आणि त्याला काळा, तर काळा होऊ द्या.

पत्र्यापासून सुरुवात करा, कारण तिथेच निर्णय होतो. पद्मिनीला वेगळी चॅसिस नाही. बॉडीच भार घेते. दाराखालचे लांब बॉक्ससारखे पत्रे, फ्लोअर आणि मागच्या पाट्याचा (लीफ स्प्रिंगचा) पुढचा हँगर जिथे बसतो ती जागा सडली असेल तर गाडी वरून कितीही सुंदर दिसली तरी आतून वाकते. आपल्याकडे मडगार्डच्या आत तांबडी माती थापली जाते, ती ओल धरून ठेवते आणि पत्रा आतून खाते. रॅम्पवर घ्या, माती धुऊन काढा, मॅट उचला आणि जाड स्क्रूड्रायव्हरचं टोक जोर देऊन दाबत जा. टोक आत गेलं तर तिथला पत्रा संपला. रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली असेल तर फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक तिथे चिकटत नाही. फ्लोअरला ठिगळ लावता येतं. मात्र दाराखालचा बॉक्स आणि हँगरची जागा दोन्ही गेली असतील, तर मुलाला देण्याचा विचार सोडा. ते काम नीट करायचं तर बाकी सगळ्या गाडीपेक्षा जास्त खर्च तिथे होतो, आणि लांबीने बुजवून देणं हे मुलाला फसवणं आहे.

आता ब्रेक. या पिढीच्या पद्मिनीला चारही चाकांना ड्रम आहेत, पेडल हलकं करणारा बूस्टर नाही, आणि मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की चाकांकडे ऑइल ढकलणारा) एकाच सर्किटचा. म्हणजे चारांपैकी एका चाकाचा सिलिंडर गळला किंवा एक होज फुटला की पेडल थेट फ्लोअरला टेकतं, चारही ब्रेक जातात. आजच्या गाडीत असं होत नाही, त्यामुळे मुलाला ते माहीतही नसतं. सहा वर्षं उभ्या गाडीत ब्रेक ऑइलने हवेतली ओल शोषलेली असते आणि सिलिंडरच्या आतल्या भिंतीला गंजाचे बारीक खड्डे पडलेले असतात. गॅरेजवाला नुसती वॉशर किट टाकून देतो. नवं रबर त्या खड्ड्यांवर घासून काही महिन्यांत पुन्हा गळतं. चारही चाकांचे सिलिंडर नवे घ्या किंवा स्लीव्ह मारून घ्या, मास्टर सिलिंडरही तसाच. सगळे रबरी होज बदला, वरून चांगले दिसले तरी. जुना होज आतून फुगतो, ऑइल जाऊ देतो पण परत येऊ देत नाही, आणि ते चाक ब्रेक धरूनच फिरतं. लोखंडी पायपांवर क्लिपखाली गंज बघा. नवं डॉट ३ भरून एअर काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात: मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. पुढे ते ऑइल दर वर्षी पावसाळ्यानंतर बदलायचं. आपल्या हवेत दोन वर्षं थांबू नका.

झाल्यावर मोकळ्या रस्त्यावर तीस-चाळीसच्या वेगाने स्टिअरिंग सैल धरून ब्रेक मारा. गाडी डावीकडे ओढली तर उजव्या चाकाचा ब्रेक काम करत नाही, असं समजा. हँडब्रेकची खरी परीक्षा फेरीबोटीच्या उतारावर होते. दिवाडी किंवा चोडणच्या धक्क्यावर गाडी रांगेत उभी करायची वेळ येणारच, तेव्हा घरच्या जवळच्या चढावर आधी करून बघा: हँडब्रेक ओढला, पाय काढला, गाडी जागची हलता कामा नये. आणि भरतीच्या वेळी उतारावर खारं पाणी लागलं तर घरी आल्यावर गोड्या पाण्याने खालून धुवायचीच, हा नियम मुलाला पहिल्या दिवशी सांगा.

पेट्रोलचा भाग लोक हलक्यात घेतात. आता पंपावर वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि ही गाडी त्यासाठी बनलेलीच नाही. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, मऊ करतं आणि पाणी ओढून घेतं. जूनमध्ये अर्धी टाकी भरून गाडी महिनाभर उभी राहिली की तळाशी पाणीमिश्रित थर बसतो, टाकी आतून गंजते आणि तो गंज कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, जाऊन अडकतो. टाकी उतरवा, जुनं पेट्रोल फेका, आत टॉर्च मारून बघा, धुवा. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत सगळ्या रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या प्रतीच्या घ्या; दुकानात साधी नळी आणि ही नळी शेजारी ठेवलेली असते, किमतीत फरक आहे, तो द्या. इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम आणि कार्ब्युरेटरची नीडल-सीट नवी. पुढे एक काचेचा किंवा पारदर्शक फिल्टर लावा म्हणजे आत काय येतं ते दिसेल. या पेट्रोलवर इंजिन थोडं कोरडं (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालतं. चढावर खाकरत असेल आणि प्लग पांढरट पडत असतील तर मेन जेट एक नंबर मोठा करावा लागतो. नळी सुकून इंजिनावर पेट्रोल ठिबकलं तर आग लागते, म्हणून हे काम वाढदिवसाच्या आधीचं.

सीटबेल्टचं बघा. असले तरी चाळीस वर्षांचा पट्टा उन्हाने कुजलेला असतो. नवे बसवताना नुसत्या पत्र्याला भोक पाडून नट लावू नका. धक्क्याला पत्रा फाटून बोल्ट हातात येतो. आतल्या बाजूने किमान तीन मिलिमीटर जाड आणि तळहाताएवढी लोखंडी प्लेट, आणि बेल्टसोबत येणारेच बोल्ट. टायर वयाने जातात, झिजून नाही. बाजूवरच्या शेवटच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं. सहा-सात वर्षांवरचे असतील तर नक्षी पूर्ण असली तरी काढा, स्टेपनीसकट. हेडलाइटला रिले बसवा, नाहीतर सगळा करंट जुन्या स्विचमधून जातो आणि स्विच वितळतो. बॉडीला लागलेल्या अर्थिंगच्या सगळ्या टोकांचा गंज खरवडून काढा. निम्मे विजेचे बिघाड तिथूनच येतात.

कागदपत्रं वेगळीच डोकेदुखी. आरसी अजून वडिलांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील तर आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या, म्हणजे तुमच्या, नावावर करा. मुलाच्या नावावर लगेच करू नका, वर्षभर जाऊ द्या. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढते, फॉर्म २५ आणि गाडी प्रत्यक्ष दाखवून. सहा वर्षं उभी गाडी म्हणजे मुदत बहुधा संपलेली, आणि विलंब शुल्क महिन्यागणिक चढतं. वीस वर्षांवरच्या मोटारीचं नूतनीकरण शुल्क २०२५ च्या सुधारणेत दहा हजारांवर नेलं आहे, ते हिशेबात धरा. तुमचा नंबर गोवा-दमण-दीव काळातला, जीडीने सुरू होणारा असणार, तो टिकवा. गाडीची सगळ्यात जास्त चौकशी त्या नंबरमुळेच होईल.

ज्यांच्याकडे पन्नास वर्षांवरची फियाट (पद्मिनीचंच जुनं रूप) आहे त्यांच्यासाठी एक इशारा. २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज नोंदणीची सोय केली आहे, नंबरात ‘व्हीए’ येतं, दहा वर्षांची मुदत मिळते. मात्र अशी गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. मुलगा ती घेऊन रोज कॉलेजला जाणार असेल तर ही नोंदणी करू नका.

अठरा पूर्ण होण्याआधी ‘फक्त वाड्यावर फिरवतो’ म्हणून चावी देणं बंद. मोटर वाहन कायद्याच्या कलम १९९अ खाली अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. विमा कंपनी तर हात वर करणारच.

आता त्याची कामं, आणि हीच खरी भेट आहे. वाढदिवसाची वाट बघू नका; हात काळे करायला लायसन्स लागत नाही. दिवाळीच्या सुट्टीत सुरू करा. पहिलं काम, इंजिन जागं करणं. लगेच सेल्फ मारायचा नाही. चारही प्लग काढायचे, प्रत्येक भोकात चहाचा एक चमचा इंजिन ऑइल सोडायचं, दोन दिवस थांबायचं. मग पुढच्या पुलीच्या नटावर पाना लावून इंजिन हाताने फिरवायचं. अडलं तर जोर नाही, आणखी ऑइल आणि आणखी दोन दिवस. मोकळं फिरलं की जुनं ऑइल काढून नवं २०डब्ल्यू-५०, नवा कूलंट, आणि प्लग न लावता सेल्फ मारून ऑइल वर चढू द्यायचं. त्यानंतर प्लग. हे सगळं त्याने करायचं, तुम्ही स्टुलावर बसायचं आणि हात मागे ठेवायचे. बापांना हेच जमत नाही.

दुसरं काम पॉइंटचं, आणि मुलगा या गाडीशी जोडला जाणार की नाही हे बहुतेक वेळा इथे दिसतं. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून बाजूला ठेवायची, तारा न सोडता. रोटर उचलायचा. इंजिन हळूहळू हाताने फिरवत न्यायचं, जोपर्यंत पॉइंटची लाकडासारखी तपकिरी टाच कॅमच्या उंचवट्यावर चढून दोन्ही तोंडं पूर्ण उघडत नाहीत. तोंडावर एका बाजूला टेकडी आणि दुसरीकडे खड्डा दिसला तर कंडेन्सर गेलाय, पॉइंट घासून उपयोग नाही, दोन्ही बदला. तोंडं साफ असतील तर स्क्रू किंचित सैल करायचा, साधारण ०.४५ मिलिमीटरची फीलर पट्टी मध्ये सरकवायची. पट्टी अडकत असेल तर गॅप कमी, हवेत तरंगत असेल तर जास्त. बाहेर ओढताना बोटांना अगदी पुसट घर्षण जाणवलं पाहिजे. स्क्रू आवळताना गॅप पुन्हा हलतो, हे कोणीच सांगत नाही. म्हणून आवळून झाल्यावर परत मोजायचं, आणि बहुतेकदा परत पहिल्यापासून. टाचेला मोहरीच्या दाण्याएवढं ग्रीस. रोटर परत बसवून टोपी लावायची, सेल्फ. गाडी सुरू होऊन स्थिर फिरू लागली की पोराच्या तोंडाकडे बघा. तो लगेच मोबाइल काढून आवाज रेकॉर्ड करत असेल, तर हरकत नाही, ते चांगलंच लक्षण आहे. तिसऱ्यांदा गॅप मोजताना ‘पप्पा, तुम्हीच करा’ म्हणाला तर तेही समजून घ्या.

पुढे इलेक्ट्रॉनिक इग्निशनची किट बसवली तर पॉइंटची कटकट संपते. ती बसवाच, पण वर्षभराने. जुने पॉइंट आणि कंडेन्सर डिकीत ठेवायचे; किट गेली तर रस्त्यात तेच घरी आणतात.

ग्रीसिंगही त्याचंच. पुढच्या किंगपिनला (ज्या खिळ्यावर चाक वळतं तो) निपल आहेत. दोन-अडीच हजार किलोमीटरला ग्रीसगनने जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत भरायचं. पावसाळ्यात लवकर. हे राहिलं की स्टिअरिंग जड होतं, आणि मुलाला वाटतं गाडीच तशी आहे. पीयूसीसाठी मिश्रणाचा स्क्रू कसा फिरवायचा ते त्याला शिकवा: असल्या जुन्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइड तीन टक्क्यांच्या आत लागतं, आणि मशीनवर तो आकडा उतरताना बघण्यात मजा असते.

चालवायला शिकणं मात्र या गाडीवर नको. ड्रायव्हिंग स्कूलच्या साध्या गाडीवर शिकू दे, लर्निंगनंतर तीस दिवसांनी टेस्ट दे, आणि पक्कं लायसन्स आल्यावर पद्मिनीकडे. स्टिअरिंगवरचा गिअर, क्लच-ब्रेकचा जड पाय आणि पहिल्या गिअरला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर सहज बसवणारी रचना) नसणं, हे तिन्ही एकाच वेळी नवशिक्याला झेपत नाही. फर्मागुडीच्या चढाला पुढच्या बसमुळे वेग मेला की पोरगं चालत्या गाडीत पहिला गिअर टाकायला जातं, दाते करकरतात, गाडी बंद पडते आणि मागे ट्रक. पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्यावरच, आणि चढ सुरू होण्याआधीच दुसरा, हे त्याच्या अंगवळणी पडेपर्यंत तुम्ही शेजारी बसायचं. पावसात पाण्यातून गेल्यावर ब्रेक लागत नाही. पेडल हलकं दाबून शंभर-दोनशे मीटर चालवलं की ड्रम सुकतात. साठच्या वर नको. एनएच ६६ वर मागची एसयूव्ही हॉर्न मारत राहील, मारू दे.

त्याला काय आवडणार नाही तेही आधीच मान्य करा. एप्रिल-मेमध्ये बिनएसीची गाडी म्हणजे भट्टी. पणजीच्या जाममध्ये पंपातलं पेट्रोल उकळून गाडी बंद पडेल, पंपावर ओलं फडकं टाकून दहा मिनिटं थांबावं लागेल. पावसात काचा आतून धुरकटतील. मोबाइल चार्जिंगचा सॉकेट, वेगळ्या फ्यूजसह, बसवून द्या, त्यात गाडीचा काही अपमान होत नाही. मोठा म्युझिक सिस्टिम मात्र नको; डायनॅमोवाली गाडी असेल तर रात्री पावसात लाइट आणि वायपर चालवतानाच बॅटरी उतरत असते. आणि ही त्याची एकमेव गाडी असू नये. परीक्षेच्या दिवशी घरची स्कूटर हवीच. जी गाडी रोज चालायलाच हवी तिच्यावर लवकरच चीड बसते.

घरच्यांचा स्विफ्टचा मुद्दा म्हणूनच अगदी चुकीचा नाही. पत्रा सडलेला निघाला, किंवा मुलाला हत्यारं हातात धरायचीच नाहीत असं दोन-तीन रविवारांत दिसलं, तर मधला मार्ग आहे: कार्ब्युरेटरवाली मारुती ८००. पुढे डिस्क ब्रेक आहेत, ७९६ सीसीचं इंजिन, स्पेअर म्हापसा-मडगावच्या कुठल्याही दुकानात, आणि शिकण्यासारखं तेवढंच. मुलीसाठी विचारणारेही बरेच असतात. उत्तर तेच, फक्त गॅरेजवाला तिच्याशी बोलायच्या ऐवजी तुमच्याशी बोलू लागला तर तुम्ही बाजूला व्हा. आणखी दोन गाड्यांबद्दल मात्र साफ नाही म्हणतो. जुनी विलीज किंवा महिंद्राची आखूड जीप: उंच, आखूड, बेल्ट नाही, वर चार मित्र मागे उभे, आणि किनाऱ्याकडचे वळणाचे रस्ते. आणि स्टँडर्ड हेराल्ड: दिसायला देखणी, पण मागच्या स्विंग ॲक्सलमुळे वळणात घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की मागचं चाक आत दुमडतं आणि गाडी फिरते. ओल्या रस्त्यावर अठराव्या वर्षी हे सावरता येत नाही.

शेवटचा व्यवहारी प्रश्न: बारावीनंतर मुलगा पुण्याला किंवा बेळगावला गेला तर? आपल्याकडे निम्म्या गाड्यांचं इथेच वाटोळं होतं. तो चवथीला आणि दिवाळीला येईल, मधले महिने गाडी कोण फिरवणार हे चावी देण्याआधी ठरवा. तुम्ही फिरवणार असाल तर पंधरा दिवसांतून एकदा, इंजिन पूर्ण तापेपर्यंत, किमान वीस मिनिटं रस्त्यावर. जागेवर उभी सुरू ठेवण्याने सायलेन्सरमध्ये पाणी साठून तो सडतो, ब्रेक चिकटतात आणि बॅटरीही भरत नाही. फिरवणं जमणार नसेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करा, बॅटरी काढून घरात ठेवा, हँडब्रेक सोडून चाकांना लाकडी ठोकळे लावा, एअर क्लीनरचं तोंड आणि सायलेन्सरचं तोंड उंदरांसाठी फडक्याने बंद करा आणि त्या फडक्यांची चिठ्ठी स्टिअरिंगला बांधा. प्लास्टिकची ताडपत्री घालू नका, आतून घाम सुटतो. सुती कव्हर आणि वर हवा खेळती. तो परत आला की सगळं उलट क्रमाने त्याच्याकडूनच करून घ्या.